दारावरची पाटी : नाव कोणाचं, हुद्दा कोणाचा, घर कोणाचं?

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्ताने नळदुर्ग येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला एक भाग दिला आहे.)



आजच्या दिवशी मुक्तिसंग्रामावर बोलायचं, हा रिवाज आहे. मी संयोजकांना ‘दारावरची पाटी’ असा विषय कळवला, तेव्हा त्यांना वाटलं की सर आता घरसजावटीवर बोलणार की काय. (हशा) तसं काही नाही. सैनिकांच्या कुटुंबांना सरकार राहायला घर देतं. आपण त्याला फॅमिली क्वार्टर म्हणतो. त्या क्वार्टरच्या दारावर राहणाऱ्याचं नाव आणि त्याचा हुद्दा लिहायची पद्धत आहे. ती ठेवावी का, आणि ठेवायची तर कशी, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे. मुक्तिसंग्रामापर्यंत आपण त्याच वाटेने पोहोचू.

आधी एक घरगुती गोष्ट सांगतो. १९८८ ची भाऊबीज. माझी धाकटी बहीण तेव्हा एका छावणीत राहत होती. मेहुणे नायब सुभेदार. मी फराळाचा डबा घेऊन गेटवर पोहोचलो. पत्र घरी विसरलेलो, त्यामुळे क्वार्टरचा नंबर माहीत नाही. गार्डने विचारलं, कोणाकडे जायचंय? मी बहिणीचं नाव सांगितलं. त्याने रजिस्टर उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, असं नाव इथं नसतं, साहेबांचं नाव सांगा. मी मेहुण्यांचं नाव सांगितलं. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न, रँक काय? मी म्हटलं, नायब सुभेदार. झालं. त्याने लगेच हात करून दाखवलं, जेसीओ लाइन त्या बाजूला, पाट्या बघत जा.

गेलो. सगळ्या इमारती एकसारख्या, पिवळट रंगाच्या. दारांवर काळ्या पाट्या, पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत आधी हुद्दा, मग नाव. चौथ्या की पाचव्या दारावर मेहुण्यांचं नाव सापडलं. बेल वाजवली. बहिणीने दार उघडलं. मेहुणे घरात नव्हते. त्यांची पलटण दीड वर्षापासून फील्डवर होती, आणि फील्डवर कुटुंब नेता येत नाही. अशा कुटुंबांसाठी वेगळी घरं राखून ठेवतात, त्यातलंच ते एक.

ओवाळणी झाली, चहा झाला, आणि मग माझ्या लक्षात आलं. पाटीवर जो होता तो घरात नव्हता, आणि जी घरात होती ती पाटीवर नव्हती. मी तिला तसं म्हटलं तर ती हसली. म्हणाली, “दादा, इथं माझं नाव फक्त दवाखान्याच्या कार्डावर आहे. बाकी सगळीकडे मी मिसेस.” ती तक्रार करत नव्हती. पण तिचं ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

खडूची खूण

आता जरा माझ्या विषयाकडे येतो. नावाला अर्थ असतो का? जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली तर्कशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात विशेषनामाबद्दल सांगताना तो एक उदाहरण देतो, आणि योगायोग बघा, ते उदाहरण दाराचंच आहे. अरबी गोष्टींतला तो चोर आठवा. अलीबाबाचं घर पुन्हा ओळखता यावं म्हणून तो दारावर खडूने खूण करतो. मिल म्हणतो, त्या खुणेला उद्देश आहे, पण अर्थ नाही. घर मोठं की लहान, घरातला माणूस श्रीमंत की गरीब, यातलं ती खूण काहीच सांगत नाही. फक्त ‘हेच ते’ एवढं सांगते. विशेषनाम तसंच असतं. आपल्याकडे पतंजलीच्या महाभाष्यातही शब्दांचे जे चार प्रकार केलेत, त्यांत यदृच्छाशब्द म्हणून एक वेगळाच वर्ग आहे. जात, गुण, क्रिया यांपैकी कशाचाही आधार न घेता ठेवलेलं नाव, ते यदृच्छाशब्द.

हुद्दा मात्र तसा नाही. ‘सुभेदार’ या शब्दाला अर्थ आहे. किती वर्षं नोकरी झाली असेल, हाताखाली किती माणसं, कोणाला सॅल्यूट करायचा, कोणाकडून घ्यायचा, पगार साधारण किती, हे सगळं त्या एका शब्दात आलं. म्हणजे पाटीवर दोन गोष्टी शेजारीशेजारी लिहिल्या असल्या तरी त्यांची कामं वेगळी आहेत. नाव सांगतं, इथं कोण राहतं. हुद्दा सांगतो, हुकूम कोणाचा चालतो. दाराने या दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची का, हा आपला मुद्दा आहे.

पाटीची बाजू

पाटीच्या बाजूनेही बोलायला पाहिजे, नाहीतर तो एकतर्फी खटला होईल.

पहिली गोष्ट सोयीची. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. शेजारी नवे, पोस्टमन नवा, दूधवाला नवा. रात्री दोन वाजता युनिटमधून निरोप्या आला तर त्याने कुठलं दार ठोठवायचं? मी स्वतः पाट्या बघतच बहिणीच्या घरी पोहोचलो ना!

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे, आणि ती आपल्या मराठी माणसाला नीट समजेल. आपल्या गावात पूर्वी घराला पाटी लागतच नव्हती. का? कारण घर कुठल्या आळीत आहे यावरूनच जात कळायची. पाटलाचा वाडा गावात, महारवाडा वेशीबाहेर. पत्ता हीच जात होती. अशा घरातला मुलगा पलटणीत भरती होतो, वर्षानुवर्षं राबतो आणि एक दिवस त्याच्या दारावर ‘सुभेदार’ अशी अक्षरं लागतात. ही अक्षरं त्याला जन्माने मिळालेली नाहीत, त्याने ती कमावलीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील आपण कोणत्या नावाने ओळखतो? सुभेदार रामजी. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला झाला तो महूच्या लष्करी छावणीत. पुढे इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. ती पुन्हा नीट सुरू व्हायला दुसरं महायुद्ध यावं लागलं, १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. मधल्या काळात एक अख्खा समाज त्या ‘सुभेदार’ शब्दापासून तोडला गेला होता. त्यामुळे कोणी म्हणालं की हुद्द्याची पाटी म्हणजे नुसता डामडौल, तर मी ते मान्य करणार नाही. काही दारांवर ती पाटी लागायला पिढ्या गेल्या आहेत.

उपाधी

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की हुद्दा कमावतो एक जण, आणि दार असतं सगळ्या घराचं.

मराठीत पदवीला, किताबाला आपण ‘उपाधी’ म्हणतो. वेदान्तात हाच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. तिथलं नेहमीचं उदाहरण स्फटिकाचं. पांढऱ्या स्वच्छ स्फटिकाजवळ जास्वंदीचं लाल फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसायला लागतो. तो लाल झालेला नसतो, लाली फुलाची असते. फूल ही स्फटिकाची उपाधी. फूल उचललं की स्फटिक जसाच्या तसा.

क्वार्टरमध्ये नेमकं हेच घडतं. फूल एकाचं, रंग सगळ्यांवर. नवऱ्याचा हुद्दा बायकोला चिकटतो. बायकांच्या कार्यक्रमात कोणी कुठल्या रांगेत बसायचं, कोणी आधी बोलायचं, हे नवऱ्यांच्या हुद्द्यावरून न सांगता ठरतं. मुलांना तर तो लवकर चिकटतो. माझा भाचा सहा वर्षांचा होता. त्याला विचारलं, खेळायला कोण कोण असतं रे? तो म्हणाला, “आमच्या लाइनची पोरं. ऑफिसर लाइनची येत नाहीत.” त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. तो वाचायला शिकला तो त्या पाट्यांवरून.

हुद्दा पलटणीत लागतोच, याबद्दल शंका नको. गोळीबार चालू असताना चर्चा करत बसता येत नाही. कोणाचा शब्द अखेरचा, हे खांद्यावर दिसलंच पाहिजे. पण खांद्यावरचा हुद्दा माणूस घरी आल्यावर गणवेशाबरोबर खुंटीला टांगतो. दारावरचा हुद्दा चोवीस तास तिथेच असतो.

आपल्या राज्यघटनेच्या कलम १८ मध्ये म्हटलंय की राज्य कोणालाही किताब देणार नाही. रावबहादूर, खानबहादूर सगळे गेले. पण तिथे दोन अपवाद ठेवलेत, लष्करी आणि विद्याविषयक. म्हणजे सुभेदाराचा ‘सुभेदार’ आणि माझा ‘डॉक्टर’, हे दोघे एकाच ओळीतले अपवाद. पद्म पुरस्काराचंसुद्धा १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तो नावाच्या मागेपुढे लावायचा नाही. तेव्हा मी दुसऱ्याच्या दाराबद्दल बोलतोय असं समजू नका. माझ्या दारावर तीस वर्षं ‘प्रा. डॉ.’ आणि पुढे माझं नाव आहे. ज्या बाईंनी ते घर चालवलं, त्यांचं नाव त्यावर नाही. त्या आज समोरच बसल्यात. (हशा)

नाव कोणाला मिळतं?

यापुढची गोष्ट जरा जास्त गंभीर आहे. हुद्दा नावाच्या शेजारी येऊन बसतो, इथपर्यंत ठीक आहे. पण इतिहासात अनेकदा असं झालंय की नाव लिहायचं की नाही, हेच हुद्द्यावरून ठरलं.

पहिल्या महायुद्धात आपल्याकडची हजारो माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढली. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणी होत्या. त्या आघाडीवर ज्यांच्या कबरीचाही पत्ता लागला नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं, १९२९ साली त्याचं अनावरण झालं. त्यावर इंग्रज शिपायाचं नाव आहे. हिंदी अधिकाऱ्याचं नाव आहे. साध्या हिंदी शिपायाचं नाव नाही. त्याच्या पलटणीपुढे फक्त आकडा आहे, इतके. २०२१ साली कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनने आपल्याच अहवालात ही विषमता कबूल केली.

आपल्याकडच्या कितीतरी गावांत संगमरवराची छोटी पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले. सातारा जिल्ह्यात, कोकणात अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथेही आकडाच. गावच्या मातीतली माणसं, आणि गावच्याच पाटीवर त्यांना नाव नाही.

आणि नळदुर्ग? आपण बसलोय तिथून बोरी नदी जवळच आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून याच रस्त्याने आली. नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी ताब्यात घेतला आणि नळदुर्गावर चाल केली. पोलीस ॲक्शनची पहिली लढाई ती ही. पाचव्या दिवशी, १७ तारखेला निजामाचं राज्य संपलं. फौजेचे प्रमुख कोण होते विचारलं तर शाळेतली मुलंही सांगतील, मेजर जनरल चौधरी. पण इथे लढलेल्या एका तरी जवानाचं नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येतं का? मला येत नाही. हात वर करा, कोणाला येतं? बघा.

म्हणून माझं म्हणणं असं, की दारावरून नाव पुसा असं मी मुळीच सांगणार नाही. नाव ही फार कष्टाने मिळालेली गोष्ट आहे. मला ते हुद्द्याच्या तावडीतून सोडवायचं आहे.

चोराची खूण

आता सुरक्षिततेचं बघू. कारण आज हा वाद निघतो तो बहुतेक वेळा या बाजूने.

१४ मे २००२ ला जम्मूजवळ कालूचक इथल्या छावणीत दहशतवादी घुसले ते थेट फॅमिली क्वार्टरमध्ये. मेलेल्यांत बायका आणि मुलं होती. २९ नोव्हेंबर २०१६ ला नगरोट्यात हल्लेखोर अधिकाऱ्यांच्या कुटुंबांच्या इमारतींत शिरले. तान्ही बाळं घेऊन राहणाऱ्या दोन बायकांनी घरातलं सामानसुमान दाराला लावून त्यांना आत येऊ दिलं नाही, म्हणून मोठा अनर्थ टळला. त्या लढाईत आपल्या शेजारच्या पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी आणि नांदेडचे लान्स नायक संभाजी कदम यांना वीरमरण आलं. २०१८ साली सुंजवानलाही हल्ला झाला तो पुन्हा कुटुंबांच्या क्वार्टरवर.

हे हल्ले पाट्यांमुळे झाले असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण एक गोष्ट यातून दिसते. घराचं दार हे आता आघाडीपासून लांब राहिलेलं नाही. २०१५ मध्ये इसिसच्या नावाने शंभर अमेरिकी सैनिकांची नावं, फोटो आणि घरचे पत्ते इंटरनेटवर टाकले गेले होते. पूर्वी पाटी फक्त गल्लीतल्या माणसाला दिसायची. आज कोणी वाढदिवसाचा फोटो दारात उभं राहून काढतो, मागे पाटी येते, फोटो मोबाइलवरून कुठल्या कुठे जातो.

पुन्हा अलीबाबाकडे या. चोराने दारावर खूण केली. मर्जिनाने काय केलं? तिने खूण पुसली नाही. आसपासच्या सगळ्या दारांवर तशीच खूण केली. चोरांना घर सापडेना, आणि घरच्यांचं काही अडलं नाही, कारण त्यांना आपलं घर माहीतच होतं. पोरगी हुशार होती. नुसती पुसली असती तर चोर पुन्हा आला असता.

मग करावं काय?

माझी सूचना साधी आहे. जिथे पद राहतं तिथे पद लिहा, जिथे माणसं राहतात तिथे नाव लिहा.

‘जिल्हाधिकारी निवासस्थान’ अशी पाटी आपण बघतो. ते घर पदाचं आहे, माणूस बदलतो, पाटी बदलत नाही. नळदुर्ग एके काळी जिल्ह्याचं ठिकाण होतं. १८५३ च्या तहात निजामाने हा मुलूख फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे दिला, तेव्हा मेडोज टेलर इथे अधिकारी म्हणून आले, काही वर्षं राहिले, गेले. पद होतं तिथेच राहिलं. तसंच छावणीच्या प्रमुखाच्या बंगल्यावर पद लिहिलं तर काही बिघडत नाही.

बाकीच्या क्वार्टरवर बाहेरून दिसेल असा फक्त नंबर असावा. मोठा, रात्री वाचता येईल असा, सगळ्यांना एकाच आकाराचा. ही मर्जिनाची खूण. नाव, हुद्दा, पलटण हे गार्डरूमच्या रजिस्टरमध्ये असावं. निरोप्याला तिथून नंबर मिळेल. आणि त्या रजिस्टरमध्ये घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव असावं, म्हणजे भाऊबीजेला आलेल्या भावाने बहिणीचं नाव सांगितलं तर ‘असं नाव इथं नसतं’ हे उत्तर त्याला मिळणार नाही.

आणि जिन्याच्या आत, दाराशी, ज्यांना हवं त्यांनी नावं लावावीत. त्याचं, तिचं, मुलांचं, आईचं. हुद्द्याशिवाय. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचं ठरवलंच आहे. कागदावर जे आलं ते दारावर यायला हरकत काय?

शिवाय हुद्दा आता नवऱ्याचाच असतो, असंही राहिलेलं नाही. माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या. त्यांचे पती राजीव कानिटकर त्याच हुद्द्यावरून निवृत्त झालेले. अशा घराच्या पाटीवर कोणाचा हुद्दा आधी लिहाल? नुसती नावं लिहिली की हा पेच उरतच नाही.

एवढं बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्नोत्तरांतून

श्रोते : सर, मी चोवीस वर्षं नोकरी केली. सुभेदार म्हणून बाहेर पडलो. गावातल्या माझ्या घरावर ‘सुभेदार’ लिहिलंय. तुमचं ऐकून ते काढून टाकू का?

उत्तर : नाही. अजिबात काढू नका. तुमच्या शंकेमुळे एक राहिलेला मुद्दा सांगता येतोय. सैन्यात असा संकेत आहे की ‘निवृत्त’ हा शब्द हुद्द्याला लावायचा नाही, नावाच्या शेवटी लावायचा. म्हणजे ‘सुभेदार, मग नाव, मग कंसात निवृत्त’. कारण माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. मला हा विचार फार आवडतो. गावातलं घर तुमचं आहे, सरकारचं नाही. तिथे तुमच्या हुद्द्याखाली कोणी राहत नाही. शेजारच्या पोराला तो हुद्दा दिसला तर त्यालाही भरतीला जावंसं वाटेल. तिथे तो शब्द कोणाची जागा ठरवत नाही, फक्त तुमच्या चोवीस वर्षांची आठवण देतो. क्वार्टरच्या लाइनीत मात्र तोच शब्द सगळ्या घरांची उतरंड लावतो. शब्द एकच, दार बदललं की काम बदलतं.

श्रोते : मग काहीच बदलायचं नाही म्हणता?

उत्तर : एक विचारतो. तुम्ही फील्डवर किती वर्षं होतात?

श्रोते : सगळी मिळून अकरा-बारा.

उत्तर : तेवढी वर्षं घर कोणी सांभाळलं?

श्रोते : हिनंच.

उत्तर : मग पाटीवर जागा असेल तर तेवढं एक नाव वाढवा. मीही घरी गेल्यावर तेच करणार आहे. आधी पेंटरला फोन करतो. (टाळ्या)